तळ तपासणारे भाऊजी

माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, यांनी आयुष्यात कुठल्याही ढिगाच्या वरच्या थरावर विश्वास ठेवलेला नाही. ढीग वांग्यांचा असो, पेढ्यांचा असो, नाहीतर एखाद्या पाहुण्याच्या गोड बोलण्याचा असो. वर दिसतं ते दाखवण्यासाठी रचलेलं असतं आणि खरा माल खाली असतो, अशी त्यांची पक्की समजूत आहे. मेहकरच्या बाजारातल्या भाजीवाल्या त्यांना लांबून ओळखतात. ते येताना दिसले की एकमेकींना खुणावतात आणि टोपल्या आपणहून उलट्या करून ठेवतात. त्यामुळे भाऊजींना जास्तच संशय येतो आणि ते उलटी केलेली टोपली पुन्हा सुलटी करायला लावतात.

नोकरीमुळे हा स्वभाव झाला की स्वभावामुळे ती नोकरी टिकली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. हंगामात केंद्राबाहेर कापसानं भरलेल्या गाड्यांची लांबच लांब रांग लागायची. काही गाड्यांत वर पांढराशुभ्र फुललेला कापूस असायचा आणि आत ओला, पिवळट, कवडी धरून कडक झालेला. सगळेच असं करत नसत, पण कोण करतो ते वरून कळत नसे. भाऊजी गाडीवर चढायचे, बाही खांद्यापर्यंत सारायचे आणि अख्खा हात कापसात घालायचे. तळातून मूठभर कापूस ओढून काढायचे, दोन अंगठ्यांत धरून धागा ताणायचे, नाकाशी नेऊन वास घ्यायचे आणि प्रत एका शब्दात सांगून खाली उतरायचे. त्या शब्दावर हुज्जत घालायला कोणी येत नसे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गाड्यांची रांग गेली, पण हाताची सवय गेली नाही. आजही लग्नाच्या पंगतीत भात वाढला की ते बोटानं मध्यभागी खड्डा करून खालची शितं वर काढतात. मिठाईचा पुडा तळाकडून उघडतात. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचतात, कारण पहिल्या पानावर काय टाकायचं ते कोणीतरी विचार करून ठरवलेलं असतं. मध्यंतरी डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब उत्तम आहे. भाऊजी म्हणाले, "त्याच मशीनवर एकदा तुमचा पाहा बरं." डॉक्टरांचा जास्त निघाला. भाऊजी समाधानानं घरी आले आणि डॉक्टर गोळ्या घ्यायला लागले.

माझ्या लग्नाच्या वेळी मुलाची चौकशी त्यांच्याकडे होती. मुलाकडच्यांनी बैठकीत चहा-पोहे मांडले होते. भाऊजी "जरा हात धुऊन येतो" म्हणून उठले, मागच्या अंगणातून बाहेर पडले आणि थेट मुलाच्या प्राथमिक शाळेतल्या म्हाताऱ्या गुरुजींच्या घरी जाऊन पोचले. दीड तासानं परत आल्यावर त्यांनी माझ्या वडिलांना निकाल दिला, "पोरगा बरा हाये. दुसरीत असताना एकदा लोकाची पाटी लपवली होती. बाकी साफ." माझ्या नवऱ्याशी भांडताना त्या पाटीचा मला फार उपयोग झालेला आहे.

अशा माणसाचा मागच्या डिसेंबरात मला पुण्याला फोन आला. मी मोटार चालवायला शिकवते. गेली वीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी, पाय दुसऱ्या ब्रेकवर ठेवून बसते, त्यामुळे माझाही कोणावर चटकन विश्वास बसत नाही. भाऊजी म्हणाले, "तुले गाडी चालवता येते नं? मंग आठ दिवसासाठी ये. आपला जिल्हा पाहू." मी कानावरचा फोन काढून नंबर पुन्हा बघितला. चाळीस वर्षांत या माणसानं कोणाला काही पाहायला नेलेलं नव्हतं. कोणी पाहुणा आला आणि लोणारचं नाव काढलं की ते म्हणायचे, "खड्डा हाये. खड्ड्यात पानी हाये. मी पाह्यलं हाये. त्याच्यात काही नाई." सिंदखेडराजाला पायऱ्या फार, शेगावला गर्दी फार, आणि ज्ञानगंगेच्या अभयारण्यात वाघ असला तर धोका आणि नसला तर जायचं कशाला. एवढं सांगून ते पाहुण्याला चहा पाजून बसस्टँडवर सोडायचे. तेव्हा मी फोन ठेवला आणि लगेच ताईला लावला.

ताईनं आढेवेढे न घेता सांगितलं. त्यांचा मुलगा आणि सून बंगळूरला असतात. एकुलती नात, इरा, नऊ वर्षांची. दर सुट्टीत मेहकरला यायची आणि आठही दिवस ओट्यावर बसून आईच्या फोनमध्ये डोकं घालायची. या वेळी आई-वडील तिला आठवडाभर आजी-आजोबांकडे ठेवून कामासाठी मुंबईला जाणार होते. "तो म्हनला, आई, यंदा पोट्टी बोर झाली तर पुढच्या सुट्टीपासून तिले क्यांपले टाकतो. तिच्यासाठी हाये काय तिथं? तुमीच येत जा आमच्याकडं." ताईनं आवाज खाली आणला. "यायनं आयकलं. रातभर कूस बदलून राह्यले होते."

आता भाऊजींनी बंगळूरला जायचं हा मार्ग बंद होता. एकदा गेले होते. चौदाव्या मजल्यावरच्या घरी जाताना त्यांनी आधी लिफ्ट रिकामी वर पाठवली, ती धड परत आल्यावर एकदा फक्त बॅग पाठवली, आणि नंतर स्वतः जिन्यानं गेले. बॅग कोणीतरी अकराव्या मजल्यावर उतरवून ठेवली होती. तिथं परत जाणार नाही, असं ते येतानाच्या गाडीत बोलले होते. म्हणजे नात आली नाही, तर भेट नाही. मी क्लासच्या पोरींना आठवडाभराचं काम नेमून दिलं आणि गाडी काढली.

मुलानं जाताना एक यादी पाठवली होती, 'बुलडाणा जिल्ह्यात मुलांसोबत पाहण्यासारखी ठिकाणं'. भाऊजींनी ती माझ्या फोनवर चष्मा सरकवत वाचली आणि विचारलं, "हे कोनं लेह्यलं?" मी म्हटलं, नेटवर आहे. "तो मानूस कोन्या गावचा?" माहीत नाही. "त्यानं सोता पाह्यलं का?" तेही माहीत नाही. मग त्यांनी धबधब्याच्या फोटोवर बोट ठेवलं. धबधब्याच्या दोन्ही बाजूंना नारळाची झाडं होती. "आपल्या जिल्ह्यात इतके नारळ कोनं लावले?" त्यांचं बरोबर होतं. मीही यादी मिटवली आणि आम्ही स्वतःच्या अकलेनं निघायचं ठरवलं. गाडीत त्यांनी घरच्या पाण्याचे तीन कॅन, स्वतःचा स्टीलचा पेला, बॅटरी आणि एक कुलूप घेतलं. कुलूप कशाला, ते विचारायचं मी टाळलं. निघण्याआधी मला त्यांच्या अंगणात तीन वेळा ब्रेक दाबून दाखवावा लागला.

पहिल्या दिवशी शेगाव. तिथं भाऊजींची पंचाईत झाली. मंदिराच्या आवारात इतकी स्वच्छता, की संशयाला जागा नाही. दर्शन झाल्यावर ते आमच्याबरोबर बसेनात. खांबांच्या मागे डोकावले, बाकांच्या खाली वाकले, कोपऱ्यावरून बोट फिरवून बघितलं. एक सेवेकरी नम्रपणे जवळ आला, "माउली, काही हरवलं का?" भाऊजींनी कोरं निघालेलं बोट त्याच्यापुढं धरलं. इरा हे सगळं बघत होती. महाप्रसाद झाल्यावर मी तिला विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "छान." परतीच्या वाटेवर खामगाव आलं. भाऊजी एकदम म्हणाले, "इतकं साफ काऊन ठेवत असतीन हे लोकं?" माझ्या माहितीत असा प्रश्न शेगावहून परतताना दुसऱ्या कोणाला पडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सिंदखेडराजा, वाटेत दुसरबीड. दुसरबीड आमचं माहेर. मी ताईला म्हटलं होतं, थांबायचं नाही, कारण थांबलं की ती रडते. तरी चहाला थांबलो. शाळा तीच, पत्रे नवे. ज्या ओढ्याला आम्ही नदी म्हणायचो तो मी गाडीतून बसल्या बसल्या एका नजरेत संपवला. चहावाल्यानं ताईला ओळखलं, मला नाही. ताई रडली, आम्ही निघालो. सिंदखेडराजाला राजवाड्याच्या दरवाजापाशी मात्र भाऊजींनी चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. जिजाऊंच्या गावात त्यांनी कशाचाही तळ तपासला नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. कसर पुढं मोती तलावावर भरून निघाली. पाणी येतं कुठून, जातं कुठून, गाळ कोण काढतं, हे त्यांनी तिथं कपडे धुणाऱ्या बाईला इतकं खोदून विचारलं की ती म्हणाली, "साहेब, तुमी सरकारातून आले का?" इरा हसली. मला वाटलं, जमलं. संध्याकाळी विचारलं तर पुन्हा तेच, "छान."

या 'छान'ची मला शंका यायला लागली. दोन्ही दिवस तोच स्वर, तेवढीच लांबी. माझ्याकडे शिकायला येणारी माणसं गिअर अडकला तरी "जमतंय" म्हणतात, तसला तो स्वर होता. ताईनं भाकरी थापता थापता हळूच विचारलं, "पोट्टीले बरं वाटून राह्यलं नं?" मी म्हटलं, "शिष्टाचार पाळतेय." ताईचा हात थांबला. ओसरीवर बसलेल्या भाऊजींनी ते ऐकलं असावं, कारण थोड्या वेळानं ते आत येऊन म्हणाले, "उद्या लोनार." आणि लगेच सवयीनं पुढं जोडलं, "तसं त्याच्यात काही नाई. मी पाह्यलं हाये."

सकाळी निघालो. सुलतानपूरच्या आधी दोन्ही बाजूंना कापूस वेचणीला आलेला. भाऊजी काचेतून बघत शेता-शेताची प्रत सांगत होते. लोणारला काठावर गाडी लावली. मी शाळेच्या सहलीत आले होते त्याला चाळीस वर्षं झाली. लहानपणी मोठी वाटलेली प्रत्येक गोष्ट या दौऱ्यात बारकी निघाली होती, म्हणून लोणारबद्दलही मी मनाची तयारी करून ठेवली होती. काठाशी गेले. ते तेव्हाएवढंच मोठं होतं. चारी बाजूंनी खाली उतरत गेलेली झाडी आणि तळाशी, खूप खाली, हिरवट पाणी.

तिथं पन्नाशीचे एक गाईड भेटले. सगळे त्यांना चाचा म्हणत होते. मूळचे लोणारचेच, वडीलही हेच काम करायचे. चाचांनी सुरुवात केली, आकाशातून दगड पडला, त्याचा हा खड्डा. भाऊजींनी विचारलं, "पडताना कोनं पाह्यला?" चाचा म्हणाले, "साहेब, तेव्हा कोणी असता तर आज सांगायला राह्यला असता का?" इरानं पहिल्यांदा आजोबांकडं आणि मग चाचांकडं नीट बघितलं. कोण जिंकतंय याचा अंदाज घेत असावी.

मग तिनं विचारलं, "आबा, तुम्ही खाली गेला होतात ना? पाण्याचा रंग जवळून कसा दिसतो?"

"पान्याचा रंग पान्यासारखा. त्याले काय राह्यते?"

"आणि वास?"

"वास कायचा? पान्याले वास राह्यते का कुठं?"

चाचा खळखळून हसले. "वास नाही आला? मंग साहेब खाली गेलेच नाहीत. तळ्याजवळ अर्ध्या रस्त्यातूनच नाक धरावं लागते, बेटा."

इरा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आबा?"

"मी पाह्यलं म्हनलो," भाऊजी दुसरीकडं बघत म्हणाले. "उतरलो असं कव्हा म्हनलो?"

हळूहळू बाहेर आलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी केंद्रावरच्या माणसांबरोबर इथं आले होते. काठावर बसून भजी खाल्ली, खाली वाकून बघितलं, आणि परत गेले. तेवढ्या जोरावर चाळीस वर्षं पाहुणे परत पाठवले. "इथून दिसते नं सगळं," ते म्हणाले.

"वरून, भाऊजी?" मी विचारलं.

दोनच शब्द होते, पण ते मुळापर्यंत गेले. कापसाच्या गाडीत खांद्यापर्यंत हात घालणाऱ्या माणसानं अख्ख्या लोणारची प्रत काठावर उभं राहून ठरवली होती. त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटायची वेळ होती, पण तेवढ्यात ताई बोलली. ताई चारचौघांत त्यांना उलट बोलल्याचं मी कधी ऐकलेलं नव्हतं.

"मले सांगत होते, खाली साप हायेत," ताई म्हणाली. "लगन झालं तव्हापासून. मी म्हनलं, तळ्याकाठच्या देवीले जाऊन येऊ, त हे म्हने साप हायेत. चाळीस वर्सं वं!" एवढं बोलून तिनं पदर खोचला, ओटीची पिशवी उचलली आणि पायवाटेनं खाली चालायला लागली. तिच्यामागे इरा. इराच्या मागे चाचा. भाऊजी माझ्याकडं बघत राहिले.

"माह्ये गुडघे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "ब्रेक तपासून घ्या आणि चला."

वाट झाडीतून जाते. पायाखाली सुटे दगड, डोक्यावर वानरं, मधूनमधून पडक्या देवळांचे खांब. भाऊजी प्रत्येक दगडावर आधी वाटेत उचललेली काठी टेकून तो हलत नाही याची खात्री करत होते, त्यामुळे आम्ही दोघं बरेच मागे पडलो. अर्ध्यात वास आला. अंडं नासल्यासारखा, नाकात बसणारा. भाऊजी थांबले, डोळे मिटून त्यांनी तो कापसाचा घ्यायचे तसा घेतला. मग काठी टेकायची राहिली आणि पावलं भरभर पडायला लागली.

तळाशी पोचलो तर ताई देवीच्या देवळाच्या बाजूला एका दगडावर बसली होती आणि चाचा इराला काहीतरी दाखवायच्या तयारीत होते. ओटीच्या पिशवीतली चिमूटभर हळद त्यांनी इराच्या पांढऱ्या रुमालावर चोळली आणि तो रुमाल तळ्याच्या पाण्यात बुडवला. पिवळा डाग बघता बघता लाल झाला. कुंकवासारखा. इरा ओरडलीच. चाचा म्हणाले, पाणी खारं आहे, साबणासारखं, म्हणून असं होतं.

"थांब," भाऊजी मागून म्हणाले. "हात दाखवा, चाचा." त्यांनी चाचांचे दोन्ही तळहात उलटसुलट करून बघितले. मग स्वतः हळद घेतली. ही हळद ताईनं घरी कुटलेली, म्हणजे तिच्यात भेसळ म्हणायची सोय नव्हती. आधी मी खाली आणलेल्या घरच्या कॅनमधल्या पाण्यात रुमालाचं टोक बुडवलं. पिवळं राहिलं. मग तळ्यात. लाल झालं. "आता देवळाच्या पल्याडच्या बाजूनं," ते म्हणाले. पल्याडूनही लाल. इरा म्हणाली, "आबा, खालचं पाणी घेऊ, वरचं वेगळं असेल." भाऊजींनी तिच्याकडं असं बघितलं की मला ते आजही सांगता येत नाही. मग दोघं उकिडवे बसले. भाऊजींनी बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात पाण्यात घातला. इरानंही फ्रॉकची बाही सारली. रुमालाची चारी टोकं, भाऊजींचा पंचा, माझी ओढणी, सगळं लाल करून झालं. ताई म्हणाली, "पुरं करा, हळद देवीले राहू द्या."

शेवटी चाचांनी सांगितलं की इथंच देवळाशेजारी एक विहीर आहे, सासू-सुनेची. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं. "कुठं?" इरा उठलीच. चाचांनी पाण्याकडं बोट केलं. तळं चढलं आहे, विहीर आत गेली आहे. पाणी उतरलं की दिसते.

"पाह्यची म्हनली की नेमकी पान्याखाली," भाऊजी पुटपुटले.

"बेटा, मैंने खुद पिया है," चाचा छातीवर हात ठेवून म्हणाले. "दोनी बाजूचं."

"पण मी नाही प्यायले," इरा म्हणाली.

चढताना भाऊजी चार ठिकाणी बसले. प्रत्येक वेळी सांगत होते की ते फक्त वाटेची पाहणी करताहेत. ताई आधीच वर जाऊन काठावर संत्रं सोलत बसली होती आणि दर थोड्या वेळानं खाली हाका मारत होती, "लवकर या हो! खाली साप हायेत!"

मुंबईहून मुलगा-सून न्यायला आले त्या दिवशी बापानं लेकीला दारातच विचारलं, "काय मग, बोर झालं का?" भाऊजी खुर्चीत वर्तमानपत्राचं शेवटचं पान धरून बसले होते. पान बराच वेळ हललं नाही. इरा बूट घालत म्हणाली, "आमचं काम अर्धं राहिलंय. ती विहीर कोणी दाखवलीच नाही. पाणी उतरलं की मला आणि आबांना दोन्ही बाजूंचं पिऊन बघायचंय. मे महिन्यात येऊ." 'छान' हा शब्द तिनं वापरला नाही. मुलानं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले.

तेव्हापासून भाऊजी दर पंधरा दिवसांनी एसटीनं लोणारला जातात. ताई बरोबर असते, किंबहुना पुढं असते. देवळाच्या भिंतीचे किती दगड पाण्यावर आले ते मोजतात आणि रविवारी बंगळूरला फोनवर सांगतात. इरा ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते, असं सून म्हणाली. मेची तिकिटंही काढून झाली आहेत.

परवा मीच भाऊजींना फोन केला. चाचांचा नंबर मी तेव्हाच घेऊन ठेवला होता आणि त्यांच्याशी माझं आधी बोलणं झालं होतं. चाचा म्हणाले, यंदा पाणी फार आहे, विहीर या उन्हाळ्यात वर येत नाही. पुढच्याही कदाचित येणार नाही, अल्ला जाने. साहेबांना हे जानेवारीतच सांगून झालंय, असंही ते म्हणाले. भाऊजींनी हे घरात कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

"भाऊजी," मी विचारलं, "विहीर दिसली नाही तर?"

"यंदा नाई तर पुढच्या वर्षी. मंग पोट्टीले पुढच्या वर्षी पुन्हा या लागन." घाईघाईनं म्हणाले.

"पण विहीर आहे कशावरून? तुम्ही कुठं पाहिलीय?"

पलीकडं ताईची भांडी वाजत होती. मला वाटलं, आता नेहमीसारखे प्रश्न येतील, कोणी पाहिली, कोण म्हणतं, त्या माणसाचं गाव कोणतं.

"असन वं," ते म्हणाले. "इतके लोकं म्हन्तात, त असन."